उंबऱ्याशी ठेवलेली वस्तू

जमिनीखाली काय आहे ते न खणता सांगायचं, हे माझं काम. रियाधमध्ये कुठे रस्ता उकरायचा असला किंवा इमारतीचा पाया घ्यायचा असला, की आधी आम्ही यंत्रं घेऊन जातो. विजेच्या केबली, पाण्याच्या पाइपलाइनी, डांबराखाली गाडली गेलेली व्हॉल्व्हची झाकणं शोधतो आणि वर रंगाने खुणा करतो. ऑफिस शहरातल्या ओलाया भागात, काचेच्या एका उंच इमारतीत. पण माझे दिवस जातात ते उन्हात, मान खाली घालून. नोकरी लागली तेव्हा आईला फोनवर समजावून सांगितलं होतं, "लोखंड कुठे पुरलंय ते मशीन ओरडून सांगतं." आई म्हणाली, "मशीनच सांगतं, तर मग तुला पगार कशाचा?"

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. खाडीकाठच्या मोहल्ल्यात आमचं घर. घरात कोकणी बोलायचो आणि शिकलो जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत. सातवीला भूगोल शिकवणाऱ्या गुरुजींनी माझी वही वर्गात फिरवली होती आणि दहावीनंतर पुढच्या शिक्षणाचे फॉर्म स्वतःच्या हाताने भरून दिले होते. त्यांचे आणि बाचे उपकार मी सारखेच मानतो. बापाला आम्ही बा म्हणत असू. गुरुजींनी वाट दाखवली आणि बाने त्या वाटेचा सगळा खर्च रियाधमधून पाठवला.

बा गवंडी. मी चार वर्षांचा असताना तो इकडे आला. शहराच्या जुन्या भागात एका मोठ्या घराच्या आवाराची भिंत बांधायला गेला आणि त्या घरच्या म्हाताऱ्या मालकांना त्याचा हात आवडला. पुढे गुडघे दुखायला लागले, परांचीवर चढणं जमेना, तेव्हा त्यांनीच त्याला राखणीला ठेवून घेतलं. फाटक उघडायचं, झाडांना पाणी घालायचं, कुठे फरशी उखडली तर बसवायची. फाटकाशेजारी राहायला एक खोली होती, तीही त्यानेच बांधलेली. दर दोन वर्षांनी दोन महिने घरी यायचा. मला तो आठवतो तो असा दोन-दोन महिन्यांच्या तुकड्यांत.

मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा त्याच खोलीत बा गेला. हृदय बंद पडलं. तालुक्याच्या सायबर कॅफेत ईमेलवर एक कागद आला, इंग्रजीत. घरात इंग्रजी वाचता येणारा मी एकटा. मी तो प्रिंट करून आणला आणि आईसमोर बसून अर्थ सांगितला, की दफन तिथेच करायला घरच्यांची हरकत नाही, असं लिहिलंय, त्यावर तुझी सही पाहिजे. आईने विचारलं, "म्हणजे आपल्याला तोंड नाय दाखवणार?" मी म्हटलं, "आणायचं तर कितीतरी दिवस जातील. मय्यत इतके दिवस ठेवायची का?" मी बरोबरच सांगितलं होतं. सगळे म्हणाले, पोरगा शिकलेला आहे, बरोबर सांगतो. आईने सही केली.

आमच्या गावच्या कब्रस्तानात कबरीला चारी बाजूंनी जांभ्याचे चिरे लावतात. कोण कुठे आहे ते लहान पोरालाही ठाऊक असतं. इथे तसं नसतं. मी रियाधला आल्यावर पहिल्याच महिन्यात कब्रस्तानात गेलो. मातीच्या सारख्या रांगा, डोक्याशी एकेक साधा दगड, नाव नाही. मी मधोमध उभा राहून फातिहा पढलो आणि ती सगळ्यांनाच पोचू दे म्हटलं. आईला सांगितलं, कबर पाहिली, छान जागा आहे. तिने जागेची खूण विचारली नाही, म्हणून मला पुढचं खोटं बोलावं लागलं नाही.

गेल्या वर्षी आईची किडनी निकामी झाली. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला न्यावं लागतं. माझी बायको तिच्यापाशी असते, आणि शेजारच्या खणात राहणारी काकी सोबत जाते. आई आणि काकी, सख्ख्या जावा. एकाच अंगणात आयुष्य गेलं, पण बा पहिल्यांदा परदेशी निघाला त्याच सुमाराला न्हाणीतल्या एका वस्तूवरून दोघींचं बिनसलं आणि ते कधी पूर्ण मिटलंच नाही. एकमेकींचं सगळं करतात, पण बोलायचं तर भिंतीला सांगितल्यासारखं. काकी म्हणणार, "गाडी आली, ज्याला यायचंय त्यानं निघावं." आई म्हणणार, "कोणी बोंब मारायची गरज नाय, कान शाबूत हायत."

अशाच एका डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी आई फोनवर म्हणाली, "तुझा बा राहायचा त्या घरात माझी एक वस्तू हाय."

"कसली वस्तू?"

"ते माहीत नाय. मागं एकदा फोनवर म्हणाला होता, तुझी एक वस्तू मी खोलीच्या उंबऱ्याशी ठेवलीय, आत-बाहेर करताना पाय लागतो. मी विचारलं, काय ती? तर हसला. म्हणाला, तुला मक्केला उमऱ्याला आणीन तेव्हा बघशील."

"मग?"

"मग काय. त्यानं मला आणलं नाय आणि मी बघितली नाय."

"इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तू शिकलेला. हसला असतास." मग म्हणाली, "त्याची बॅग आली ती कपड्यांची. त्याचं तोंड नाय, कबर नाय. माझी म्हणून एवढी एकच वस्तू तिथं राहिलीय. ती आणून दे. मग मी तुझ्याकडं काय मागणार नाय."

माझ्या मनात लगेच आलं, चांदीचा तोडा. लग्नात आईला दोन तोडे घातले होते. त्यातला एक मी लहान असतानाच हरवला होता. आता मला वाटतं, ती वस्तू धातूचीच असणार हे मी कशावरून ठरवलं? माझ्या हातात धातू शोधायचं यंत्र होतं, एवढ्यावरूनच. दुसरं काही कारण नव्हतं.

बाचं ते घर मी याआधी एकदा पाहिलं होतं. तेव्हा म्हातारे मालक हयात होते. त्यांनी खजूर आणि कहवा दिला आणि बाचा हात कसा होता ते अरबीतून कितीतरी वेळ सांगितलं. त्यातलं निम्मं मला कळलं. खोलीत तेव्हा दुसरा कोणी राहत होता, कुलूप होतं, आत गेलो नाही. उंबऱ्याकडे पाहिलं असेल, पण पाहून काही आठवावं असं ते पाहणं नव्हतं. आता आईच्या फोननंतर गेलो तर घरच नव्हतं. मालक वारले होते आणि मुलांनी घर पाडून घेतलं होतं. उरलं होतं ते पिवळट मातीचं मोकळं आवार, फुटक्या फरश्या आणि भिंतीच्या कडेला राडारोड्याचे ढीग.

मालकांचा मोठा मुलगा भेटला. मी मोडक्या अरबीत काय हवंय ते सांगितलं. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, लहानपणी माझ्या सायकलची चेन पडली की तुझा बापच बसवायचा. मग म्हणाला, शोध, शुक्रवारी शोध, शनिवारी शोध. रविवारी मशीन येईल, खड्डा घ्यायचाय. मग खलास.

ऑफिसातल्या केरळच्या साहेबांना विचारून मी डिटेक्टर घेतला. ते म्हणाले, "ले जाओ, लेकिन बॅटरी चार्ज करके वापस लाना." आणि खोली नेमकी कुठे होती ते सांगायला मामूंना बोलावलं. मामू आईच्या माहेरच्या गावचे, म्हणून मामू. शहराच्या अल सुलै भागात एका गोदामात फिटर आहेत, कॅम्पात राहतात. बा असताना ते दर शुक्रवारी त्या खोलीवर जायचे आणि दोघं मिळून मासळी रांधायचे.

जुम्म्याची नमाज झाल्यावर आम्ही पोचलो. मामू कमरेवर हात ठेवून त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. मग खजुराच्या झाडाचा तोडलेला बुंधा त्यांना दिसला आणि त्यावरून सगळं घर त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. "हा बुंधा. हितं फाटक. हितं नळ. आणि ही खोली." ते चालत चालत खोलीच्या कडेने फिरले, कोपऱ्यावर वळताना नसलेल्या भिंतीला वळसा घातला. "हितं चूल. हितं तुझा बा झोपायचा, डोकं त्या बाजूला. आणि दार हितं."

मी दोऱ्या बांधून पट्टे आखले. आमची कामाची पद्धत अशी, की एका पट्ट्यातून यंत्र सावकाश दोन्ही अंगांना झुलवत जायचं, आवाज आला की थांबायचं, खणायचं, काय निघालं ते कागदावर नंबर घालून लिहायचं आणि मग पुढे. मामू खुरपं घेऊन मागे.

पहिला आवाज आला. मामूंनी उकरलं. पेप्सीच्या बाटलीचं झाकण. दुसरा, तोच प्रकार. पाचव्याला मामू म्हणाले, "पंधरा वर्षं तुझ्या बापानं हितं पेप्सी पेरली काय रे?"

"मालकाच्या मुलांनी प्यायली असेल."

"तुझा बा पण प्यायचा. तुझ्या आईला सांगू नको, तिला सांगायचा की फक्त झमझमचं पाणी पितो."

मी हसलो. त्या जागेवर हसू येईल असं मला वाटलं नव्हतं. पुढे सळईचे तुकडे निघाले, खिळे, चमचा, नळाची तोटी. मामू प्रत्येक वस्तू पुसून उन्हात धरून बघायचे आणि मी नंबर घालायचो. एकदा ते टेकायला बसले तेव्हा म्हणाले, "इंजिनेर, तू शोधतोस ते नक्की काय?"

"आईचा तोडा. चांदीचा."

"उंबऱ्यात?"

"आईला तसं सांगितलं होतं बाने. आत-बाहेर करताना पाय लागतो म्हणून."

मामूंनी मान हलवली. "चांदीवर पाय देईल तो? रोटीचा तुकडा खाली पडला तर उचलून डोळ्याला लावायचा. बायकोचा दागिना पायाखाली घालील?"

"चांदी असली तर मशीनला कळेल, मामू."

"मशीनला कळंल. मी तुझ्या बापाचं बोलतोय."

मला ते तेव्हाच ऐकून घ्यायला हवं होतं. पण कागदावर सतरा नंबर झाले होते, ऊन कलत होतं, आणि माझ्या डोक्यात चांदीचा आवाज कसा येतो तेच घोळत होतं. चांदीचा आवाज स्वच्छ असतो, डावीकडून या किंवा उजवीकडून, सारखा. अठरावा आवाज तसा आला. मी स्वतः गुडघ्यावर बसून उकरलं. दाराची कडी निघाली, पितळेची, एक पाय वाकलेला. मामूंनी ती हातात घेतली आणि त्यांचा आवाज बदलला. "ही तीच. आतून नीट लागायची नाय. दोरीनं बांधायचा. मी म्हणायचो, गवंडी असून तुझ्याच दाराची कडी वाकडी. तर म्हणायचा, आत चोरायला हाय काय?" कडी मी रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवली. कडी सापडली म्हणजे दार हेच, उंबरा इथेच, असं म्हणून मी आणखी नेटाने झुलवायला लागलो.

तिसऱ्या प्रहरी असरची अजान झाली. मामू उठले. "चल. पढून येऊ, मग बघू."

"तुम्ही व्हा पुढे. मी नंतर पढतो. उजेड जाईल."

मामू गेले आणि मी एकटा राहिलो.

तेविसावा आवाज मातीच्या वरच्याच थरात आला, जिथे उंबऱ्याची फुटकी पायरी पडली होती तिथे. स्वच्छ नव्हता. भसाडा, तुटक, एका बाजूने आलं की ओरडायचं, दुसऱ्या बाजूने गप्प. मला तो आवाज ओळखीचा होता. इथे यायच्या आधी दोन वर्षं मी मदिनेला होतो. तिथे शहराबाहेर ज्वालामुखीच्या दगडांचा पसारा आहे, काळे आणि तांबडे, भोकाभोकांचे. त्यांत लोह असतं म्हणून यंत्र पावलोपावली ओरडतं. तिथल्या सीनियरने मला शिकवलं होतं, की हा खोटा आवाज. दगड उचलायचा, लांब टाकायचा आणि खाली पुन्हा फिरवायचं. आणि तसले दगड रियाधच्या बंगल्यांत बागेच्या वाफ्यांना लावतात, हेही मी पाहिलेलं होतं.

मी उकरलं. तळहाताएवढा तांबडा दगड निघाला, भोकाभोकांचा. एका अंगाला सिमेंटचा पोपडा घट्ट चिकटलेला. हातात मोजे होते. मी तो उचलला, मनात म्हटलं, वाफ्याचा दगड, आणि कडेच्या ढिगावर फेकून दिला. तो दुसऱ्या विटांवर आपटल्याचा आवाज मला आला. खाली पुन्हा यंत्र फिरवलं. काही नाही. कागदावर लिहिलं: २३, ज्वालामुखी दगड, खोटा आवाज, टाकला.

मामू परत आले. "काय गावलं?"

"काही नाही. एक दगड."

"दगडाला पण ओरडतं होय तुझं मशीन?"

"काही दगडांत लोखंड असतं."

"असंल बाबा," म्हणून ते पुढच्या पट्ट्याकडे वळले. मी त्यांना तो दाखवला असता तर त्यांनी ओळखला असता. जन्म कोकणात गेलेला माणूस. पण मीही कोकणातलाच होतो की.

अंधार पडेपर्यंत एकेचाळीस नंबर झाले. तोडा निघाला नाही. मामूंना टॅक्सीत बसवताना ते म्हणाले, "मनाला लावून घेऊ नको. कडी घेऊन जा. तिला सांग, त्याचा हात लागलेली हाय."

शनिवारी दुपारी आईला फोन केला. सापडलं नाही हे कसं सांगावं याची मी मनात वाक्यं जुळवत होतो. आई आपल्याच नादात होती. अंगाला सूज, पायांची आग आणि टाचा फुटलेल्या. बायकोने कसलं तरी मलम आणलं होतं, त्यावर तिचा राग.

"मलमानं काय होतं? माझा दगड असता तर दोन दिवसांत टाच नीट झाली असती. पण तो कोणी ठेवला तर ना. ऐकू गेलं पाहिजे कोणाला, म्हणून मोठ्यानं बोलते."

हेच ते जन्माचं भांडण. आईचा न्हाणीतला टाचा घासायचा दगड, जांभ्याचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी, लावणीच्या चिखलाने तिच्या टाचा फुटल्या तेव्हा बाने चौथऱ्याच्या उरलेल्या चिऱ्यातून तो तिच्या मुठीच्या मापाचा तासून दिला होता. एक दिवस तो दिसेना. काकीने नेला, असं आईने ठरवलं आणि काकीने तोंडावर सांगितलं की तुझ्या टाचांची घाण मी कशाला नेऊ. हे मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकलं होतं. इतक्या वेळा, की ते ऐकूच येईनासं झालं होतं.

"आई," मी विचारलं, "तो दगड हरवला कधी?"

"तुझा बा पहिल्यांदा गेला तेव्हा. त्याची बॅग भरायच्या धांदलीत हिनं डाव साधला."

मी फोन ठेवला असणार. काय बोलून ठेवला ते आठवत नाही. जांभा. लोहाने तांबडा झालेला, भोकाभोकांचा खडक. सातवीच्या भूगोलात गुरुजींनी विचारलं होतं, जांभ्याला लाल रंग कशामुळे, आणि मी हात वर करून उत्तर दिलं होतं. आमचं घर त्याचं, विहीर त्याची, कब्रस्तानातल्या कबरी त्याच्या. आणि सिमेंटचा पोपडा. वाफ्याला नुसते रचून ठेवलेल्या दगडाला सिमेंट कशाला लागेल? तो पायरीत बसवलेला होता. गवंड्याने बसवलेला. आत-बाहेर करताना पाय लागेल असा.

टॅक्सीने तिथे पोचलो तेव्हा आवार साफ होतं. रविवारचं काम हलकं व्हावं म्हणून लोडरवाल्याने शनिवारी सकाळीच ढीग उचलले होते. तो पेशावरकडचा, सावलीत चहा पीत बसला होता. मी काय विचारतोय ते ऐकून त्याला वाटलं माझं काही मोलाचं गेलं. उभा राहिला. "क्या था भाई? सोना था?"

"पत्थर था."

त्याने उरलेला चहा ओतून दिला. मग काही न विचारता मला ट्रकमध्ये घेतलं आणि शहराबाहेर जिथे राडारोडा टाकतात तिथे घेऊन गेला. डोंगर होते. शहरभरातल्या पाडलेल्या घरांचे डोंगर, फरश्या, सळया, संडासाची भांडी, आणि त्यांच्यावरून नवीन ट्रक येऊन ओतत होते. तिथे यंत्र चालू केलं असतं तर ते थांबलंच नसतं. मी दोन तास हातांनी उकरलं. लोडरवाला लांब उभा राहून मधेच म्हणायचा, "इधर देखो, ये लाल है," आणि विटेचा तुकडा दाखवायचा. शेवटी तो म्हणाला, "यल्ला भाई, अल्लाह की मर्जी," आणि मला हात देऊन खाली उतरवलं.

आईला कसं सांगायचं याचा मी रविवारभर विचार केला. येताना गावातूनच दुसरा एखादा चिऱ्याचा तुकडा उचलावा आणि हाच तो म्हणून द्यावा, असंही मनात येऊन गेलं. कबरीच्या बाबतीत एक खोटं आधीच सांगितलेलं होतं. मग संध्याकाळी फोन केला आणि जसं झालं तसं सांगितलं. आवाज आला, उकरला, जांभ्याचा दगड निघाला, फेकला, कागदावर खोटा आवाज लिहिलं. सगळं.

 

आई म्हणाली, "वीस किलोच्या बॅगेत दगड घातला काय रे त्यानं?"

"हो."

"मी आंब्याच्या लोणच्याची बरणी भरून दिली होती. ती काढून ठेवली. मला म्हणाला, वजन होतं." आणि ती हसली. हसता हसता तिला धाप लागली आणि मग ते हसणं राहिलं नाही.

जरा वेळाने तिने विचारलं, "एका बाजूनं गुळगुळीत होता काय?"

मी तो उलटा करून पाहिला नव्हता. सिमेंटची बाजू माझ्याकडे होती, दुसरी खाली. पण फेकताना मोज्यातून माझा अंगठा सरकला होता, भोकाभोकांच्या दगडावर सरकू नये तसा. सरकला होता ना? की ते मी त्या क्षणी तिच्यासाठी आठवलं? आजही मला नक्की सांगता येत नाही.

"हो," मी म्हटलं. "गुळगुळीत होता."

"मग माझाच."

तिने फोन कानापासून दूर नेला असावा, कारण तिचा आवाज लांबून आला. भिंतीला सांगितल्यासारखा नव्हता, माणसाला हाक मारावी तसा होता. "अगं ए, ऐकलंस? दगड यानं नेला होता. तू नव्हता नेलास."

काकीचा आवाज पलीकडच्या खणातून आला. "मी तेव्हाच सांगितलं होतं!" आणि मग पावलं, आणि मग अगदी फोनजवळ, हळू: "कोणी नेला होता गं?" आईने सांगितलेलं मला ऐकू आलं नाही. काकीचं एवढंच ऐकू आलं, "अल्लाह. बस, बस तू. रडू नको, त्रास होईल."

पंधरा दिवसांनी रजेवर गेलो. बॅगेत पितळेची कडी होती. आईने ती हातात घेतली, वाकलेला पाय चाचपला आणि मामू काय म्हणाले ते दोनदा सांगायला लावलं. मग परत माझ्या हातात दिली. "ही त्याची. तू ठेव. माझी ती दुसरी होती." काकी तेव्हा आईच्या पायथ्याशी बसून तिच्या टाचांना तेच मलम चोळत होती आणि आई तिला, बोटं जड हायत तुझी, म्हणून बोलत होती.

कडी इथे माझ्या टेबलाच्या खणात आहे. तेविसावा नंबर लिहिलेला कागदही त्याच खणात आहे. ऑफिसच्या फायलीत तो लागणार नव्हता. कबरीच्या बाबतीतलं खरंही मी त्या रजेत आईला सांगितलं. ती म्हणाली, मला ठाऊक होतं, खूण असती तर तूच सांगितली असतीस.

ती वस्तू दे, मग मी काही मागणार नाही, असं ती म्हणाली होती. वस्तू मी दिली नाही, पण शब्द तिने पाळला. दर फोनला मी विचारतो, काय आणू? खजूर, अत्तर, चादर? आई म्हणते, "काय नको. वजन होतं."